अनिश्चिततेचाही हिशेब असतो

महाशिवरात्रीला मार्कंड्याला जायचे, हा नेम मला नोकरीने लावला. चामोर्शीच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा गडचिरोली जिल्हा होऊन जेमतेम सहा-सात वर्षे झाली होती. जत्रेच्या दिवसांत शाखेत चिल्लर मोजता मोजता बोटे काळी पडत. निवृत्त झाल्यावर चिल्लर सुटली, नेम मात्र सुटला नाही. एरवी दक्षिणेची वाट धरणारी वैनगंगा इथे वळून उत्तरेकडे वाहू लागते, म्हणून हे स्थान पवित्र. सोळाव्या वर्षी यमाचा पाश गळ्यात पडला असताना मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि तो वाचला, ती हीच जागा अशी इथली श्रद्धा. पुरातत्त्व खात्याच्या कनिंगहॅमसाहेबांनी १८७० च्या दशकात इथल्या मंदिरांचे वर्णन लिहून ठेवले आहे. पण जत्रेला येणाऱ्या माणसाला कनिंगहॅम ठाऊक नसतो आणि त्याचे काही अडतही नाही. तो नदीत बुडी मारतो, रांगेत उभा राहतो, दर्शन घेतो आणि मग दुकानांकडे वळतो.

त्या दुकानांच्या ओळीत गेल्या खेपेला एक नवाच तंबू दिसला. आत टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपला जोडलेली एक धातूची कांडी आणि बाहेर फलक : 'क्वांटम तपासणी. सर्व अवयव. २ मिनिटे. ३०० रुपये.' माणसाने कांडी मुठीत धरायची. पडद्यावर हृदय, यकृत, मूत्रपिंड अशी रंगीत चित्रे फिरत आणि शेवटी छपाईयंत्रातून कागदांचा गठ्ठा बाहेर पडे. रांग बऱ्यापैकी होती.

त्या रांगेत आमच्या शाखेतला जुना दफ्तरी उभा होता. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला अजून साहेबच म्हणतो. त्याला मधुमेह आहे, हे मला पंधरा वर्षांपासून ठाऊक. दोन महिन्यांपूर्वी चामोर्शीच्या बाजारात त्याने हीच तपासणी करून घेतली होती, तो कागद त्याने खिशातून काढून दाखवला. स्वादुपिंडाची कार्यक्षमता ९१.४२७. शेरा : उत्तम.

"साखर निंगलीच नाई जी, साहेब. मंग गोळी कायले खाऊ?"

म्हणजे दोन महिने गोळी बंद. आता तो खात्री करून घ्यायला पुन्हा आला होता.

मी पैसे दिले आणि त्या तरुणाला म्हटले, यांची तपासणी दोनदा करा, दहा मिनिटांच्या अंतराने. तो पोरगा मोठा सभ्य होता, नाही म्हणाला नाही. पहिल्या कागदावर स्वादुपिंड ८८.१९४ आले, दुसऱ्यावर ७८.०६३. यकृताचे, हाडांचे, डोळ्यांचे, सगळेच आकडे हलले होते. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा तो जराही न गडबडता म्हणाला, "सर, हे क्वांटम आहे. क्वांटममध्ये आकडे बदलणारच. अनिश्चिततेचं तत्त्व असतं ना! सायन्सनंच सिद्ध केलंय ते."

बँकेतल्या पस्तीस वर्षांत मी हिशेब न जुळण्याची शेकडो कारणे ऐकली. उंदराने व्हाउचर खाल्ले, हेही ऐकले. पण हायझेनबर्गला साक्षीला आणणारा हा पहिलाच. मला राग आला तो त्याच्या खोटेपणाचा नव्हे, त्याच्या निवडीचा. जगात ज्या तत्त्वाचा हिशेब सगळ्यांत कडक, नेमके तेच त्याने बेहिशेबीपणाच्या समर्थनाला उभे केले होते. आणि तो एकटा नाही. व्यासपीठावरचे प्रवचनकार, यशाचे मंत्र देणारे वक्ते आणि (कबूल केले पाहिजे) आमच्या जातीचे कादंबरीकार, सगळे हे वाक्य सैलपणे फेकतात : 'विज्ञानानेही आता मान्य केले आहे की काहीच निश्चित नाही.' विज्ञानाने असे काहीही मान्य केलेले नाही. मी नागपूरचा जुना बी.एस्सी., पुढे पोट भरायला आकडेमोडीत गेलेला. तरीही या एका तत्त्वाचा नाद सुटला नाही, म्हणून आजचा हा खटाटोप.

वेर्नर हायझेनबर्ग या पंचविशीतल्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२७ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे : एखाद्या कणाची जागा जितकी नेमकी ठरावी, तितका त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, ढिला पडतो. दोन्ही ढिलाया एकमेकींशी गुणल्या तर उत्तर एका ठरावीक आकड्याखाली कधीच जात नाही. 'ठरावीक' हा शब्द महत्त्वाचा. तो आकडा प्लांकच्या स्थिरांकावरून निघतो, आणि प्लांकचा स्थिरांक आपल्या नेहमीच्या एककांत लिहायचा तर दशांशचिन्हानंतर ३३ शून्ये आणि मग ६६२६. निसर्गाच्या या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते आणि ती किती, हे छापील आहे. त्याच वर्षी केनार्ड याने हे गणिताच्या पक्क्या भाषेत मांडले.

इतक्या लहान आकड्याने काय होते, असे वाटेल. म्हणून आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. धानाचा एक दाणा, वजन साधारण २० मिलिग्रॅम. त्याची जागा आपण मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत नेमकी ठरवली, असे समजा. मग या तत्त्वामुळे त्याच्या वेगात जी किमान ढिलाई येईल, तिच्यापायी तो दाणा विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षांत, फार तर आणखी एक हजारांश मिलिमीटर इकडेतिकडे होईल. झाले! धानाच्या दाण्याला, माणसाला, स्वादुपिंडाला हायझेनबर्गपासून भय नाही. आता दाण्याच्या जागी एक इलेक्ट्रॉन घ्या आणि तो एका अणूच्या आकाराएवढ्या जागेत कोंडा. त्याच्या वेगातली किमान ढिलाई सेकंदाला पाचशे किलोमीटरच्या वर जाते. नियम तोच, खातेदार वेगळा.

हे असे का, याचे स्पष्टीकरण देताना बहुतेक पुस्तके सूक्ष्मदर्शकाची गोष्ट सांगतात, खुद्द हायझेनबर्गनेही सांगितली होती. इलेक्ट्रॉन पाहायचा तर त्याच्यावर प्रकाश पाडावा लागतो. जागा नेमकी दिसावी म्हणून जोरकस प्रकाश वापरला की तोच इलेक्ट्रॉनला धक्का देतो. ही गोष्ट मला पटकन कळली, कारण मी बँक इन्स्पेक्शन पाहिलेले आहे. इन्स्पेक्टर शाखेत पाऊल ठेवतो त्या क्षणापासून शाखा ती शाखाच राहत नाही. कॅशियर वेळेवर येतो, लेजरवरची धूळ झटकली जाते, मॅनेजरच्या आवाजात मार्दव येते. पाहणाऱ्याने पाहिले की पाहण्याची वस्तू बदलते.

पण ही उपमा अर्ध्या वाटेवर सोडते. इन्स्पेक्टर न कळवता आला, खिडकीतून डोकावला, तर त्याला खरी शाखा दिसू शकते. 'खरी शाखा' नावाची वस्तू तिथे असतेच. क्वांटमचे म्हणणे याहून खोल आहे. नेमकी जागा आणि नेमका संवेग, दोन्ही एकाच वेळी बाळगणारा इलेक्ट्रॉन पडद्यामागे लपलेला नाही. तसा इलेक्ट्रॉन नाहीच. यासाठी मला संगीताची उपमा जास्त जवळची वाटते. तबल्यावर एक तुटक थाप मारा. ती केव्हा पडली, ते अचूक सांगता येईल. पण तिचा सूर विचारलात तर गवई डोके खाजवील. उलट तानपुऱ्याची तार छेडून सोडा. सूर स्वच्छ, पण तो 'केव्हा' आहे? तो पसरलेला आहे. अतितुटक आणि तरीही अतिनेमक्या सुराचा आवाज कोणाला काढता येत नाही, यात वादकाचा दोष नाही. तसा आवाजच अस्तित्वात नसतो. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो, म्हणून लाटेचा हा नियम त्यालाही लागू.

दुसरी एक गोष्ट प्रवचनकार कधीच सांगत नाहीत. सूक्ष्मदर्शकाच्या गोष्टीतून निघणारे, 'मोजण्यातली चूक आणि त्यामुळे बसणारा धक्का यांचा गुणाकार' असे जे साधे रूप लोकप्रिय झाले, ते पुढे जसेच्या तसे टिकले नाही. जपानच्या मासानाओ ओझावा यांनी २००३ मध्ये त्याची सुधारलेली मांडणी केली आणि २०१२ मध्ये व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञांनी न्यूट्रॉन वापरून ती तपासली. जुने सोपे रूप मोडले, ओझावांचे टिकले. केनार्डचे मूळ गणित मात्र जागेवर राहिले. ज्याच्या नावाचे तत्त्व, त्याचेच स्पष्टीकरण दुरुस्त करून घेणारा हा व्यवहार आहे.

आता प्रश्न असा, की इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन ठीक. पण ज्याला आपण 'वस्तू' म्हणतो, घट्ट, घन, अब्जावधी अणूंची, तिला हा नियम लागू होताना कुणी पाहिले आहे काय? धानाच्या दाण्याचे गणित पाहता ते अशक्यच वाटते. इथून पुढची हकिकत मला एखाद्या कादंबरीहून रंजक वाटते.

२००६ च्या सप्टेंबरात 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध आला. लेखकांत पहिले नाव अक्षय नाईक यांचे, शेवटचे कीथ श्वाब यांचे. अमेरिकेत मेरिलँड आणि कॉर्नेल इथले हे काम. नाईक पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. या मंडळींनी एक पूल बांधला. लांबी ८.७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. रुंदी त्याच्याही चाळिसाव्या भागाएवढी. दोन्ही टोके पक्की, मधला भाग अधांतरी. हा पूल तारेसारखा थरथरतो, सेकंदाला दोन कोटींहून अधिक वेळा. त्यात अणू अब्जांच्या हिशेबात. म्हणजे तो कण नव्हे, खरीखुरी वस्तू.

तिची थरथर मोजायला त्यांनी शेजारी एक विलक्षण द्वारपाल बसवला. एक चिमुकले धातूचे बेट आणि त्यावर विद्युतभार चढण्या-उतरण्याच्या दोन अरुंद वाटा. बेट इतके लहान, की एक इलेक्ट्रॉन चढला तरी दुसऱ्याला जागेसाठी जादा ऊर्जा मोजावी लागते. कॅश काउंटरवर एका वेळी एकच माणूस सोडणारा आमचा बंदूकधारी रखवालदार आठवा. या वाटांची शिस्त इतकी नाजूक, की शेजारचा भारित पूल किंचित जवळ सरकला तरी बेटावरून जाणारा प्रवाह बदलतो. प्रवाह मोजा आणि पुलाची जागा ओळखा.

पण काउंटर एकतर्फी नसतो. पूल बेटाला ओढतो तसे बेटही पुलाला ओढते. बेटावर भार चढला की पुलाला एक हिसका, उतरला की दुसरा. आणि चढ-उतार बेभरवशाची, म्हणून हिसकेही बेभरवशाचे. जागा अधिक बारकाईने कळावी म्हणून बेट आणि पूल यांचे नाते घट्ट केले, की हिसके वाढतात. मोजण्याची ही किंमत हायझेनबर्गच्या नियमानुसार शून्य होऊच शकत नाही. ती चुकवता येत नाही हे कागदावर सगळ्यांना ठाऊक होते. नाईक आणि सहकाऱ्यांनी एका घन वस्तूवर पडणारे ते हिसके मोजून दाखवले.

त्यात एक नवल निघाले. बेटावरचा विद्युतदाब एका विशिष्ट जागी ठेवला, तर हिसक्यांनी पूल आणखी थरथरण्याऐवजी शांत होऊ लागला. वस्तूची थरथर म्हणजेच तिचे तापमान. तर ते निरपेक्ष शून्याच्या वर ०.५५ अंशावरून ०.३० अंशावर उतरले. कारण थोडक्यात असे, की त्या दाबाला भाराच्या वाहकांना पलीकडे जायला ऊर्जा किंचित कमी पडते आणि ती तूट ते पुलाच्या थरथरीतून भरून काढतात. ज्या धक्क्याला अडथळा समजत होते, त्याच्याकडूनच गार करून घेतले. तोट्यातल्या खात्यावर व्याज मिळावे तसा हा प्रकार!

आणि तरीही त्या निबंधाने 'आम्ही वस्तूला क्वांटम केले' अशी आरोळी ठोकली नाही. कारण हिशेब समोर होता. त्या पुलाच्या थरथरीची एक पायरी, एक 'क्वांटम', तापमानाच्या भाषेत अंशाच्या हजाराव्या भागाएवढी. ०.३० अंशावर म्हणजे अजून सुमारे तीनशे पायऱ्या उतरायच्या शिल्लक. शेवटची पायरी गाठली ती २०१० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बारा इथे क्लेलँड आणि मार्टिनिस यांच्या गटाने. त्यांनी युक्ती केली ती डग्गा सोडून चाटी घेण्याची : सेकंदाला सहाशे कोटी वेळा थरथरणारी वस्तू घेतली. सूर जितका चढा, पायरी तितकी उंच. ०.०२५ अंशाला ती वस्तू तळाच्या पायरीवर स्थिरावली. स्थिरावली म्हणजे थांबली नव्हे. पूर्ण थांबली तर जागा आणि संवेग दोन्ही नेमके होतील, आणि ते निसर्गाला मंजूर नाही. थोडी थरथर कायमची उरतेच.

त्या ०.३० अंशांच्या शेजारी आता जत्रेतली कांडी ठेवून पाहा. माणसाचे शरीर निरपेक्ष शून्याच्या वर ३१० अंशांवर असते. त्या पुलाच्या सुराची एक क्वांटम पायरी शरीराच्या उष्णतेच्या गोंगाटात सुमारे तीन लाख पटींनी बुडून जाते. शरीराच्या आतून चुंबकीय अनुनादाचा संकेत खरोखर काढणारे यंत्र आहे, एमआरआय. त्यासाठी साधारणपणे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पट जोराचा चुंबक लागतो. तंबूत यातले काय होते? एक कांडी आणि दशांशचिन्हापुढचे तीन आकडे.

त्या तीन आकड्यांनीच घात केला. ७८.०६३ असे लिहिणारा माणूस प्रतिज्ञेवर सांगत असतो, की माझी चूक या शेवटच्या ३ च्या आसपास आहे. दहा मिनिटांत आकडा १०ने हलला, तर शेवटची दोन-तीन स्थाने लिहिण्याचा त्याला अधिकार नाही. आमच्याकडे रोकड दहा हजारांनी कमी आणि ताळेबंद पैशापर्यंत जुळवलेला, असे कुणी लिहिले असते तर त्याची रवानगी कुठे झाली असती, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दफ्तरीभाऊंना मी सरकारी रुग्णालयात नेले. बोटाला सुई टोचून छोट्या यंत्रावर साखर पाहिली : ३१२. भाऊ म्हणाले, "हे मशीन तरी खरं कायवरून जी?" प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना सांगितले, की हे यंत्रही चुकते. पण किती चुकायची मुभा आहे ते ठरलेले आहे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभराच्या वरच्या साखरेसाठी शंभरातली ९५ मोजमापे १५ टक्क्यांच्या आत असली पाहिजेत. म्हणजे ३१२ म्हटले, की खरी साखर २६५ पासून ३५९ पर्यंत कुठेही असू शकेल. कुठेही असली तरी गोळी घ्यावीच लागेल. भाऊंनी बोटांवर हिशेब केला. आयुष्यभर नोटांची बंडले मोजलेला माणूस तो. "म्हंजे चुकीसकट बी साखर हायेच," एवढे म्हणून ते औषधाच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, ती त्यांनी तोवर कुणाला दाखवली नव्हती. ती भरायला अडीच महिने लागले.

या १५ टक्क्यांचा हायझेनबर्गशी काही संबंध नाही, हेही सांगायला हवे. ती यंत्राची कुवत. उद्या चांगले यंत्र आले तर ती चूक कमी होईल. साखर सकाळी एक, जेवणानंतर दुसरी असते, तो शरीराचा स्वभाव. आणि क्वांटमची अनिश्चितता ही तिसरी, ती कितीही चांगल्या यंत्राने कमी होत नाही. बाजारात या तिघींना एकाच नावाने हाक मारतात आणि मग ज्याला जी हवी ती तो पुढे करतो.

तिसरीशी रोज उठून व्यवहार करणारी माणसे आपल्याच राज्यात आहेत. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिच्या त्या वास्तूचे उद्घाटन १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी केले. समुद्राला लागून असलेल्या त्या आवारात असे शीतयंत्र आहे, की ज्याच्या पोटातले तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत उतरते. बाहेर मुंबईचा घाम आणि आत अंतराळाहून कडक थंडी! इथले प्रा. मंदार देशमुख यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांचा गट ग्राफीनचे, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या जाडीच्या पापुद्र्याचे, ढोल बनवतो. मला ढोल म्हटले की मार्कंड्याच्या वाटेवरचे गोंडी ढोल आठवतात. कुलाब्याचा ढोल मात्र डोळ्यांना दिसत नाही. २०१६ मध्ये या गटाने अशा ढोलाचे दोन वेगळे सूर एकमेकांत घट्ट गुंतवून दाखवले. नाईक यांच्या पुलाच्याच कुळातली ही वाद्ये.

त्या कामात सहभागी असलेले प्रा. विजयराघवन यांची हकिकत तर आपल्या विषयाच्या गाभ्यातली. त्यांनी पीएच.डी. केली ती अमेरिकेत येल विद्यापीठात, मिशेल डेव्होरे यांच्या हाताखाली. हे डेव्होरे म्हणजे २०२५ चे भौतिकीचे नोबेल जॉन क्लार्क आणि जॉन मार्टिनिस यांच्यासह मिळवणारे. १९८४-८५ मध्ये या तिघांनी दाखवले होते, की हातात धरता येईल एवढ्या चिपेवरचे विद्युतमंडलही क्वांटमच्या नियमाने पायऱ्या चढते-उतरते. येलनंतर विजयराघवन बर्कलीला गेले आणि २०१२ मध्ये त्यांच्या नावाने एक निबंध आला, तो मी मित्राच्या मुलाकडून तीनदा समजावून घेतला.

क्वांटम मंडलाकडे एकदम रोखून पाहिले, तर त्याची अवस्था मोडते. म्हणून त्यांनी रोखून न पाहता हलकेच, सतत पाहिले. प्रत्येक ओझरत्या नजरेतून थोडीशी माहिती मिळते आणि मंडलाला थोडासा धक्का बसतो. पण हाती आलेली माहितीच सांगते, की धक्का कोणत्या दिशेने बसला. मग तेवढ्यापुरती दुरुस्ती तिथल्या तिथे करायची आणि पुन्हा हलकेच पाहायचे. अशाने एरवी क्षणात विस्कटणारी लय चालू राहिली. वर्षाअखेरीच्या इन्स्पेक्शनला न घाबरता रोज संध्याकाळी रोकड जुळवणारा कॅशियर जसा निश्चिंत असतो, तसे काहीसे. धक्का टळला नाही. त्याची नोंद ठेवली आणि नोंदीवरून सावरून घेतले.

विजयराघवन कुलाब्याला आले आणि तिथे अशी मंडले बनवण्याची प्रयोगशाळा उभी राहिली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सहा क्यूबिटांच्या क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्यात संरक्षण संशोधन संस्थेची पुण्यातली प्रयोगशाळा आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सोबत होत्या. जगात शंभरांवर क्यूबिटांची यंत्रे झाली आहेत, तेव्हा सहा म्हणजे फार नाहीत. पण केंद्र सरकारने २०२३ मध्ये क्वांटम मोहिमेला सहा हजार कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा ते पैसे घेऊन काम करू शकेल असे कुणीतरी आधीपासून थंडीत बसलेले असावे लागते. फलक रंगवून तंबू ठोकणाऱ्याला तेवढा वेळ लागत नाही, ही खरी पंचाईत.

महाराष्ट्रात याहून मोठा प्रयोग मराठवाड्यात येतो आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, पुन्हा एका शिवस्थानाच्या सावलीत, गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात, त्यांच्या टोकांना टांगलेले काचेचे आरसे आणि त्यांच्यात येरझारा घालणारा लेसर. अशाच यंत्रांनी अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर पकडली. अशा लहरींचा माग गोंगाटातून कसा काढायचा, याच्या पद्धती रचणाऱ्यांत पुण्याच्या 'आयुका'चे प्रा. संजीव धुरंधर आहेत.

या आरशाचे वजन ४० किलो, म्हणजे आमच्या झाडीपट्टीत धानाचा एक भरलेला कट्टा. वर आपण एका दाण्याचा हिशेब केला आणि तो नगण्य ठरवला. इथे अख्खा कट्टा आहे. आणि तरीही २०२० मध्ये लायगोच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की लेसरचे प्रकाशकण मोजणीसाठी आरशावर आपटतात तेव्हा त्यांच्या अनियमित माऱ्याने तो ४० किलोचा आरसा, साध्या खोलीच्या तापमानाला, हलतो. किती? मीटरमध्ये लिहायचे तर दशांशचिन्हानंतर १९ शून्ये आणि मग १. हा हिसका त्या पुलाच्या हिसक्याचाच मोठा भाऊ.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा, की प्रकाशाची अनिश्चितता एका बाजूने दाबायची आणि दुसऱ्या बाजूने फुगू द्यायची. जिथे मोजायचे तिथे ती कमी, जिथे मोजायचे नाही तिथे जास्त. गुणाकार ठरल्या आकड्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. दाबलेला हा प्रकाश २०१९ पासून अमेरिकेतल्या दोन्ही वेधशाळांत वापरात आला, आणि औंढ्याला बसायची यंत्रे त्याच जातीची, आरसेही ४० किलोचेच.